नसत्या चौकश्या

गेल्या वीकांताला ताम्हिणीला जायचा बेत होता. ऑफिसच्या ग्रुपवर आठवडाभर त्यावर खल झाला. कुणाची गाडी, कोण कुठे चढणार, मिसळ पिरंगुटला खायची की पौडला, सगळं ठरलं. शनिवारी सकाळी उठून बघते तर पाऊस असा कोसळत होता की समोरची विंग दिसेना. त्यात चांदणी चौकाच्या पुढे लागलेल्या गाड्यांच्या रांगेचा फोटो कुणीतरी टाकला आणि एकेक जण गळायला लागला. वर वर मी पण 'अरेरे' लिहिलं. मग आलं घालून चहा केला, खारी काढली, पांघरुणात शिरले आणि पुस्तक उघडलं.

"काय करतेयस?" एका मैत्रिणीचा मेसेज.

"खून झालाय. चौघं जण चहा पीत तपास करतायत. काय निवांत वाटतंय म्हणून सांगू!"

तिने नुसतं डोळे वटारलेलं चित्र पाठवलं. तिचंही बरोबरच आहे म्हणा. खून आणि निवांत हे दोन शब्द एका वाक्यात बसतात तरी कसे? पण मला बसतात. गेली तीन-चार वर्षं माझे बरेचसे वीकांत याच उद्योगात जातात, रिलीजच्या आठवड्यानंतर तर हमखास. कुठल्याशा लहान गावात एक मढं सापडतं, गावातले दोन-चार दोस्त त्यात नाक खुपसतात, पोलीस वैतागतात, मधे मधे भरपूर केक खाल्ला जातो, शेवटच्या वीस पानांत खुनी सापडतो आणि मी समाधानाने दिवा मालवून झोपते. हे असं का होतं, याचा विचार परवाच्या पावसात करत बसले होते. तोच इथे लिहून काढतेय.

या प्रकाराला 'कोझी' म्हणतात. मी मराठीत त्याला गोधडीतली रहस्यकथा म्हणते. नियम अगदी ठरलेले. गाव लहान हवं, सगळे एकमेकांना ओळखणारे हवेत. रक्त फार दिसता कामा नये. मेलेला माणूस शक्यतो कुणाच्याच फारसा लाडका नसावा, म्हणजे रडारड आटोपशीर राहते. तपास करणारा पोलीस नको. निवृत्त बाई, बेकरीवाली, पुस्तकांच्या दुकानाची मालकीण असं कुणीतरी हवं. मांजर असल्यास उत्तम.

या सगळ्यांची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली गोष्ट १९२७ साली छापून आली. त्यात काही मंडळी मंगळवारी रात्री जमून एकमेकांना न सुटलेली प्रकरणं सांगतात. एक स्कॉटलंड यार्डचे माजी साहेब, एक वकील, एक पाद्री, एक लेखक, एक चित्रकार. कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीला कुणी हिशेबातच धरत नाही, आणि उत्तर नेमकं तिलाच येतं. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली आणि सेंट मेरी मीड हे गाव रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या नकाशावर कायमचं बसलं. मग १९८४ ते १९९६ 'मर्डर, शी रोट' ही अमेरिकन मालिका चालली, तब्बल २६४ भाग. त्यातली जेसिका फ्लेचर राहते त्या कॅबट कोव्हमध्ये इतके खून झाले की गावात माणसं उरली कशी हेच खरं रहस्य! तरी कुणी घर विकून जात नाही. आपल्या इकडच्या बिल्डरने जाहिरातीत टाकलं असतं: निसर्गरम्य परिसर, शाळा जवळ, खुनी हमखास सापडतो. आणि २०२० मध्ये रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' आलं. वृद्धांच्या वसाहतीत राहणारे चौघं दर गुरुवारी जमून जुन्या खुनांच्या फायली चाळतात, तेवढ्यात दाराशीच ताजा खून येऊन पडतो. २०२५ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. माझ्या या व्यसनाची सुरुवात त्या पुस्तकापासून.

आता हे आवडतं का? याची दोन उत्तरं मला माहीत होती. पहिलं उत्तर ऑडन नावाच्या कवीचं. त्याला स्वतःला रहस्यकथांचं जबर व्यसन होतं आणि १९४८ साली त्याने त्यावर एक निबंध लिहिला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: गाव आधी निष्पाप असतं, खून झाला की सगळेच संशयित ठरतात, खुनी सापडला की बाकीचे सुटतात आणि गाव पुन्हा निष्पाप होतं. वाचकाला ते हरवलेलं नंदनवन परत हवं असतं.

दुसरं उत्तर माझं, म्हणजे आमच्या धंद्यातलं. कोझी म्हणजे आदर्श बग. संशयित मोजके, सगळे लॉग शाबूत, बग पुन्हा पुन्हा दाखवता येतो, आणि शेवटी एकच ठाम कारण सापडतं. प्रत्यक्षात काय होतं? रात्री दोनला सर्व्हर बसतो, आपण काहीतरी बदलतो, तो उठतो, आणि का उठला ते कुणालाच कळत नाही. सकाळच्या कॉलवर सगळे म्हणतात, "आमच्या बाजूला काही प्रॉब्लेम नाही." असा आठवडा काढल्यावर ज्या गोष्टीत शेवटी कुणीतरी उठून "हो, मीच केलं" म्हणतं, ती गोड लागणारच.

दोन्ही उत्तरं ठीक आहेत. पण एक गंमत सांगते. वाचून महिना झाला की खुनी कोण होता हेच मला आठवत नाही! शपथेवर सांगते. कोडं पार पुसलं जातं. आठवतं ते भलतंच. 'थर्सडे मर्डर क्लब'मध्ये पेनी नावाची एक निवृत्त पोलीस अधिकारी आहे. क्लब सुरू करणाऱ्यांतली ती एक, पण आता ती बेशुद्धावस्थेत पलंगावर पडून आहे. तिची मैत्रीण एलिझाबेथ तिच्याजवळ जाऊन बसते आणि तपास कुठवर आला ते तिला सांगते. ती ऐकतेय की नाही, कुणालाच माहीत नाही. हा प्रसंग मला लख्ख आठवतो. जॉइस कुणासाठी काय भाजून नेते ते आठवतं. कोडं सोडवणं हे निमित्त, मला ओढ आहे ती या येण्याजाण्याची, असं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

आपल्या भाषेने हे आधीच ओळखून ठेवलंय. 'चौकशी' हा शब्द घ्या. पोलीस करतात ती चौकशी. खात्यांतर्गत असते ती चौकशी. आणि "आईची चौकशी केलीय म्हणून सांग" यातली तीही चौकशीच. संशयाने विचारणं आणि मायेने विचारणं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. कोझीमध्ये या दोन चौकश्या खरोखरच एक असतात. मिस मार्पल बागेत खुरपं घेऊन बसते, पक्षी बघायच्या निमित्ताने दुर्बीण लावते आणि गल्लीतून कोण कधी गेलं ते टिपते. रोज बघत असते, म्हणूनच एखाद्या दिवशी काही चुकलं तर तिला कळतं. कुणाचे पडदे अजून उघडले नाहीत? कोण आज रोजच्या वेळेला गेलं नाही? माणसं माहीत असल्याशिवाय पुरावा दिसतच नाही.

माझं गाव भोर. राजवाड्यामुळे सिनेमावाल्यांना माहीत असलेलं, बाकी फार कुणाला नाही. तिथे आमच्या घराच्या ओट्यावर माझी आजी बसायची, आणि तिच्यापुढे मिस मार्पल म्हणजे शिकाऊ उमेदवार. मी सहावी-सातवीत असताना शेजारच्या काकांचा तांब्याचा बंब चोरीला गेला. काका भल्या पहाटे अंगणात उभे राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आळी जमली. कुणीतरी म्हणालं पोलिसात द्या. आजी शांतपणे म्हणाली, "कशाला? जुना बंब. पोलीस काय शोधायचेत?" आणि विषय संपवला. त्याच संध्याकाळी तिने मला पिठाचा डबा देऊन त्यांच्याकडे पाठवलं. "सांग, दळण जास्त झालंय, पोरकिडे होतील, वापरून टाका."

पुष्कळ वर्षांनी तिने मला त्यातली खरी गोष्ट सांगितली. बंब काकांनी स्वतःच मोडीत घातला होता. हाताला काम नव्हतं. "तुला कसं कळलं?" मी विचारलं. तर म्हणाली, "अगं, आदल्या दिवशी त्याने बंबाची लाकडं आणून आपल्याकडे टाकली, तुम्हाला होतील म्हणून. बंब चोरीला जायच्या आधीच लाकडं कशी नकोशी झाली? आणि ओरडायला तो एकटाच बाहेर. बंब खरोखर गेला असता तर आधी ती बाहेर आली असती." पुरावे बघा, निष्कर्ष बघा! आणि मुख्य म्हणजे तो निष्कर्ष पोटात ठेवून पिठाचा डबा पाठवणं बघा.

इथे थांबले असते तर हा लेख 'गावाकडची माणसं किती छान' या जातीचा झाला असता. पण तोच ओटा, तीच आजी. बारावीत असताना वर्गातल्या एका मुलाबरोबर मी एसटी स्टँडवर दहा मिनिटं बोलत उभी होते. विषय होता भौतिकशास्त्राच्या नोट्स. मी घरी पोचायच्या आधी ती बातमी घरी पोचली होती, आणि वाटेत नोट्स गळून पडल्या होत्या. पुढचे दोन महिने क्लासला सोडायला आणि आणायला भाऊ. माझ्या एका मैत्रिणीचं तर अशाच एका बातमीवर कॉलेज सुटलं आणि दिवाळीनंतर लग्न झालं. तेव्हाही सगळे 'चौकशीच' करत होते. मुलाची चौकशी, घराण्याची चौकशी. तिला काय हवं ही एक चौकशी तेवढी कुणी केली नाही. आणि ओट्यावर बसून चहा कुणी घ्यायचा आणि कुणी अंगणातूनच बोलून जायचं, हेही त्या ओट्यावर ठरलेलं होतं. ते मला फार उशिरा दिसलं.

कोझीत हा भाग चतुराईने वगळलेला असतो. भोचक माणसं तिथे गोड असतात, कारण ती खुनाबद्दल विचारतात. तुमच्याबद्दल विचारत नाहीत.

दुसरी एक गोष्ट मला जास्त बोचते. मराठीत रहस्यकथा कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर एक अख्खी पिढी वाढली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा, आपल्या पुण्याच्या शेजारचा. तो माझा अजूनही लाडका आहे. पण चार गाववाले दोस्त, एक खून, चहा आणि शेवटी उलगडा, असं गोधडीतलं गाव मराठीत सहसा का दिसत नाही?

मला वाटतं, आपल्या गावातल्या खुनात रहस्य नसतं म्हणून. कुणी केलं ते गावाला माहीत असतं. 'सामना' आठवा. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा. श्रीराम लागूंचा मास्तर म्हणजे एक उपरा, दारुडा म्हातारा. तो गावात येतो आणि मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत सुटतो. साखर कारखान्याच्या त्या गावात उत्तर माहीत नसलेला माणूस बहुधा तो एकटाच. बाकी सगळे गप्प आहेत. म्हणजे साचा तोच, लहान गाव, एक गायब माणूस, एक हौशी शोधक. पण इथे प्रश्न खून कोणी केला हा नाही. बोलणार कोण, हा आहे.

आणि मी जिथे राहते तो मुळशी तालुका तर बघायलाच नको. हो, हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं. आम्ही स्वतःला पुणेकर म्हणवतो, पण पत्त्यावर ता. मुळशी असतं. २०१८ सालचा प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' याच मातीतला. जमीन विकली, पैसा उडाला, आणि जमीन विकणाऱ्याचा मुलगा पिस्तूल घेऊन उभा राहिला. त्यात खून आहेत, पण कोडं एकही नाही. आधी कोण, मग कोण, सगळं उघड्यावर. आणि थोडं पुढे गेलं की मुळशीचा तो सुंदर जलाशय. मी माझी पहिली कोझी त्याच्याच काठावरच्या एका होमस्टेच्या व्हरांड्यात वाचली होती. पाणी, धुकं, कांदाभजी. ज्या गावांवर ते पाणी आहे तिथल्या लोकांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, मुंबईच्या विजेसाठी आमची शेतं का, असं जाहीरपणे विचारलं होतं. बापट तुरुंगात गेले, धरण झालं. विचारून उत्तर मिळतंच असं नाही, हे या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

अगदी जवळचं उदाहरण द्यायचं तर धोमचं. आमच्या भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई, आणि तिथून जवळच धोम. २०१६ साली तिथे एक अंगणवाडी शिक्षिका बेपत्ता झाली. तिच्या चौकशीतून पोलीस डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसापर्यंत पोचले, पुरलेले मृतदेह सापडले आणि २००३ पासूनच्या सहा खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. पुढे २०२० मध्ये त्यावर बेतलेली 'देवमाणूस' घराघरात जेवताना बघितली गेली. मी मात्र ते २००३ ते २०१६ हे आकडेच बघत बसले होते. तेरा वर्षं. माणसं नाहीशी होत होती आणि गाड्या, बाजार, दवाखाना, सगळं नेहमीसारखं चालू होतं.

म्हणून माझं मत असं झालंय की कोझीतली खरी अद्भुत गोष्ट खून ही नाहीच. अद्भुत हे, की साधी माणसं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं. विचारलं म्हणून कुणी त्यांना गप्प करत नाही. खुनी कितीही बडा असला तरी शेवटी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं जातं. हे आपल्याला इतकं दुर्मीळ वाटतं की आपण त्यासाठी इंग्लंडातल्या खोट्या गावांत जातो, आणि तिथे गेल्यावर निवांत वाटतं. त्याला लोक पलायन म्हणतात. म्हणू देत. मला ती भूक वाटते.

पण भुकेचं पुस्तकावर भागवलं की काय होतं, ते सांगते. हा सगळा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलाय आणि मी मघापासून टाळतेय.

गावात सगळे विचारतात, म्हणून आपण इथे आलो. निदान मी तरी. रात्री साडेअकराला ऑफिसची कॅब सोडते आणि कुणी खिडकीतून बघत नाही, हे पहिल्या वर्षी मला स्वर्गासारखं वाटायचं. 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' ही २०२१ ची मालिका पाहिलीत का? न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या इमारतीत एक रहिवासी मरतो. त्याच्यासाठी शोकसभा भरते, तर लोक जास्त हळहळतात ते त्याच सुमारास गेलेल्या एका मांजरासाठी, कारण या माणसाला धड कुणी ओळखतच नसतं. मी ते बघताना खो खो हसले होते.

आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. समोरच्या फ्लॅटमध्ये सत्तरीचे एक काका एकटे राहतात, मुलगा अमेरिकेत. तीन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे लिफ्टमध्ये "पाऊस फार आहे" आणि "ऊन फार आहे". मागच्या वर्षीच्या एका शनिवारी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तेव्हा त्यांची पिशवी कडीला तशीच लटकत होती. रविवारी पार्सल घ्यायला दार उघडलं तेव्हा तिथे दोन पिशव्या होत्या. बाहेरच्या स्टँडवर त्यांची चप्पल होती, फिरायला जायचे बूटही होते. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं हे मला नक्की माहीत आहे, कारण नंतर मला ते एकेक करून आठवलं. तेव्हा मनात एवढंच आलं की गेले असतील कुठेतरी. आणि मी आत येऊन पुस्तकात डोकं घातलं. ऑस्मनचंच दुसरं, 'द मॅन हू डाइड ट्वाइस'.

सोमवारी सकाळी मावशी कामाला आल्या. त्या दोन दिवस गावाला गेल्या होत्या. त्यांचं आमच्याकडेही काम आहे आणि काकांकडेही. त्यांनी बेल वाजवली, दार उघडेना. खाली जाऊन वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, साहेब बाहेरगावी गेले असतील. मावशी हटल्या नाहीत. "गावाला जायचं तर मला सांगत्यात. दूध बंद करत्यात. चप्पल हितं, बूट हितं, मग गेले काय अनवाणी?" त्यांनी मजला डोक्यावर घेतला. मी हेडफोन काढून बाहेर आले, आणखी दोघं आले, कमिटीतले एक जण आले, कुलूपवाला आला.

काका बाथरूममध्ये पडलेले होते. शनिवारी पहाटेपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. उठता येत नव्हतं, पण हात पोचेल अशा जागी पाण्याची बादली होती, म्हणून वाचले. सुरुवातीला हाका मारल्या म्हणाले, मग आवाज बसला. मधे एक भिंत, एक पॅसेज आणि माझे हेडफोन.

दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी हसून बघितलं आणि विचारलं, "आपण कुठल्या?" टोमणा नव्हता, खरोखरच ओळखलं नव्हतं. म्हटलं, "काका, मी समोरची."

नंतर घरी मी मावशींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो? मला वाटलं होतं की त्या काहीतरी खास सांगतील. त्यांनी भांडं घासता घासता उत्तर दिलं, "कळायला काय लागतंय ताई, दूध तसंच होतं की."

तर मुद्दा हा. माझ्याकडे मावशींइतकाच पुरावा होता, खरं तर दोन दिवस आधीपासून होता. रहस्यकथांचा अनुभव तर शंभर पट जास्त. कमी होतं ते एकच. काका गावाला जाताना काय करतात, हे मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती. इथे कुणी कुणाला विचारत नाही हे मला हवं होतं, ते मला मिळालं होतं, आणि त्याची किंमत दोन दिवस काकांनी भरली.

याचा अर्थ ओट्याकडे परत जा असा नाही. मी जाणार नाही. स्टँडवरची ती दहा मिनिटं मी विसरलेली नाही, माझ्या मैत्रिणीचं कॉलेज तर नाहीच नाही. कोझी वाचू नका असंही नाही. मी परवाच एक संपवली आणि अजून दोन उशाशी आहेत. पण मला आता असं वाटतं की या पुस्तकांत आपण जे इतक्या आवडीने वाचतो, ते गाव आणि टॉवर यांच्या मधलं काहीतरी आहे. लक्ष ठेवणारी, पण राज्य न करणारी माणसं. दार ठोठावणारी, पण आत शिरून कपाटं न उघडणारी. अशी जागा आयती मिळत नाही. फ्लॅटबरोबर तर नाहीच मिळत, क्लबहाऊस मिळतं. ती जागा आपल्यालाच करावी लागते आणि त्यासाठी थोडा भोचकपणा अंगावर घ्यावा लागतो, स्वतः करायचाही आणि दुसऱ्याचा सोसायचाही. त्यातलं दुसरं जास्त अवघड.

काका आता परत आले आहेत, वॉकर घेऊन चालतात. मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे साखर मागायला जाते. घरात साखर असते. ते त्यांनाही माहीत असावं, कारण हल्ली वाटी आधीच भरून ठेवलेली असते. परवाच्या पावसातही गेले होते. वाटी देता देता काका म्हणाले, "शुक्रवारी फार उशीर झाला गं तुला? साडेबाराला लिफ्टचा आवाज आला."

एक क्षण माझ्या कपाळावर आठी आली. भोरचा तो स्टँड डोळ्यांसमोर आला. जिभेवर आलं होतं की तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकश्या.

मग म्हटलं, "हो काका, रिलीज होता. पुढच्या शुक्रवारीही होईल."

"बरं," ते म्हणाले. "मग मी झोपून जाईन."